लेबल नसलेले डबे

क्लीव्हलंडच्या बसस्टँडवर मला घ्यायला कोणी आलं नव्हतं.
म्हणजे आली होती पाळकबाई, पण भलत्याच दारापाशी,
पुठ्ठ्यावर माझं नाव लिहून, तेही चुकीचं.
मारिटचं तिनं मार्टिन केलं होतं
आणि पाऊण तास एका मुलाची वाट पाहत होती.

वर्षभरासाठी आलेय, मी म्हटलं.
"सगळे वर्षभरासाठीच येतात," डिकी उघडत ती म्हणाली.
डिकीत बटाट्याची पोती.
माझी बॅग माझ्याच मांडीवर आली.

घरात आम्ही पाच जण.
फ्रिजवर कामांचं चक्र, पुठ्ठ्याचं, मधोमध टाचणी:
स्वयंपाक, कचरा, संडास, प्रार्थना,
आणि एका खणातलं काहीतरी खोडून
कोणीतरी लिहिलेलं: झोप.
टाचणी फिरली. मला संडास.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं
आधीच्यांची नावं, सालांसकट.
एकाच्या नावापुढे नुसतं: नोव्हेंबरपर्यंत.
त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

आई फोनवर विचारते, तिथे धोका नाही ना?
आमच्या गावात तीनशे माणसं,
दोन चर्च, एकमेकांशी न बोलणारी,
आणि धान्याचा एक उंच मनोरा, दोन्हींहून उंच.
मी म्हणते, इथून तळं जवळ आहे.
हे उत्तर नव्हे, ते तिलाही कळतं.

निघण्याच्या रविवारी मंडळीनं मला पुढे बोलावलं,
डोक्यावर हात ठेवले.
इतके हात, की मान अवघडली.
गालिच्यावरच्या मेणाच्या डागाकडे बघत
मी मनात म्हणत होते: प्रभू, मला वापर.
आता तो शब्द मध्येच आठवतो
आणि कानकोंडं व्हायला होतं.

सोमवारी तळघरात. काम: डबे.
कुठल्याशा गोदामात पाणी शिरलं, लेबलं गळून गेली.
चारशे डबे, चकचकीत, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे.
मी मार्कर उघडून उभी. लिहू काय?

मग व्हर्लीन आली.
मला वाटलं, रांगेतली.
मी रजिस्टर पुढे सरकवलं: नाव, पत्ता, घरात माणसं किती.
तिनं ते कोपरानं बाजूला सारलं,
एक डबा उचलला, कानाशी नेला, हलवला.
"पीच."
दुसरा. "राजमा."
तिसऱ्याला डोळे मिटले. "मका… अंहं, वाटाणा.
लिही की गं, बघत काय बसलीस!"

चौदा वर्षं ती सोमवारी येते.
सकाळी टेबलामागे उभी राहते
आणि दुपारी वळसा घालून टेबलापुढे, रांगेत, सगळ्यांत शेवटी,
कारण घरी तीन नातवंडं आहेत.
दोन्हीकडे तिचा चेहरा तोच.

एक डबा तिनं माझ्या कानाशी धरला.
आत काहीतरी डुचमळलं, जड, आळशी.
पीच, मी म्हटलं.
तिनं उघडला. बीट.
ती इतकी हसली की ओटिसला जिन्यावरून खाली बोलावलं,
हे बघ, हिचं पीच!

उघडलेला डबा परत ठेवत नाहीत.
काटा एकच होता, तो फिरला:
ओटिस, व्हर्लीन, मी, पुन्हा ओटिस.
उभ्या-उभ्या खाल्लं. कोणी प्रार्थना केली नाही,
किंवा केली असेल, मला ऐकू आली नाही.

"नाव काय म्हणालीस?"
मारिट.
"मेरिट," ती म्हणाली.
ते नाही, मी म्हटलं. ते तर मुळीच नाही.
तिनं खांदे उडवले, पुढचा डबा कानाशी नेला.

रात्री संडास घासताना बोटं अजून लाल होती.
ब्लीचनंही गेलं नाही.
कपाट उघडलं, पेन्सिल खिळ्याला टांगलेली होती,
तशीच राहू दिली.
दोनशे सत्तर डबे उरलेत.
उद्या लवकर यायला सांगितलंय.