शंभर वॅट

सोहारच्या बाहेर, जिथं खजुरीच्या बागा संपतात
आणि डांबर नुसतंच सरळ जात राहतं,
तिथं पोरापोरींनी नऊ घरं मांडलीत.
लहान. दोन पोर्टा केबिन जोडल्यासारखी.
छपरावर काळ्या पाट्या, उन्हाकडे तोंड करून.

स्पर्धा आहे. कमी विजेत कोण राहून दाखवतो.
माझं काम साधं : प्रत्येक घरात तीन सेन्सर,
एक उशाशी, एक चुलीपाशी, एक दाराच्या वर,
आणि दहा दिवस आकडे बघायचे.
तेवीसच्या खाली नको, पंचविसाच्या वर नको.
बाहेर शेहेचाळीस.

बावीस वर्षं मी एसी बसवतोय.
डक्टमधून पोटावर सरपटत
लोकांच्या झोपेत गारवा भरला.
आता ही मिसरूड फुटलेली पोरं म्हणतात,
मशीन जितकं बंद, तितके गुण जास्त.
म्हणजे आमच्यासारख्यांनी...
पण ते असो.

पाचव्या नंबरचं घर झुवैनाच्या टीमचं.
भिंतीत काय भरलंय विचारलं तर म्हणाली,
खजुराच्या झावळ्यांचा भुसा, दाबून दाबून.
मी तळवा लावला.
रात्रभर तापलेल्या पोराच्या कपाळाला
पहाटे हात लावावा, तसं वाटलं.

चौथ्या दुपारी आकडा हलला. चोवीस सात. चोवीस नऊ.
मी आत, हातात पाना, वायर तपासत उभा
(जरा जास्तच वेळ, खरं सांगायचं तर).
मुहन्नद जमिनीकडे बघत म्हणाला,
"काका, थोडं बाहेर थांबाल?
एक माणूस म्हणजे शंभर वॅट."
त्याला वाईट वाटत होतं.
गणित मात्र बरोबर होतं.

टाकीच्या सावलीत बसलो. शंभर वॅट.
आजवर कुणी हेल्पर म्हटलं, कुणी बंगाली समजलं,
दिवा कुणी म्हटलं नव्हतं.
जुना, पिवळा, शंभरचा,
आमच्या आळीत एकाच घरी होता,
तोही पाहुणे आले तरच लावायचे.

रात्री खोलीवर हिशेब केला.
आम्ही आठ. टंकबहादूर जाडा, त्याचे सव्वाशे धरू.
वर राइस कुकर, इस्त्री, शाजीचा संपत नसलेला कॉल,
आणि एक टनाचं मशीन,
जे मीच दुरुस्त करतो आणि जे कधीच पुरत नाही.

आठव्या दिवशी जेवणाची परीक्षा.
नियमच तसा : पाहुणे बोलवायचे, शिजवून वाढायचं,
तरी आकडा जागेवर ठेवायचा.
झुवैनाचा एक पाहुणा आलाच नाही.
ती अनवाणी बाहेर आली, वाळूत पाय उचलत उचलत,
"बिकाजी, आत या."
'भ' तिला येत नाही.
मी म्हटलं, आणि शंभर वॅट?
"ते धरलेत आम्ही."

भात, सुरमई, वर सुकं लिंबू.
पंचवीस एक.
पंचवीस दोन.
मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं.
तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

नंबर सहावा आला.
काल तुकड्यांवर खडूनं आकडे घालून
त्यांनी घर उलगडलं. तीन ट्रक.
सेन्सर मी काढले,
चिकटपट्टीखालचे तीन चौकोन
भिंतीपेक्षा पांढरे निघाले.

रात्री राजापूरला फोन लावला, मिस्त्रीला.
माझं घर लिंटेलपर्यंत आलंय.
म्हटलं, निजायच्या खोलीची पश्चिमेची खिडकी बुजव,
उत्तरेला काढ. भिंत जाड घे.
तो हसला, "भिकाजीशेठ, एसी लावा की.
तुम्हाला काय तोटा?"
मी विचारलं, खोलीत माणसं किती धरलीस?
लाइनवर नुसती खरखर.
"माणसं? वहिनी एकट्याच तर असतात."

म्हटलं, दोन धर.