एक पान कमी

कार्यालयातून चिठ्ठी आली, दोन ओळींची:
रविवारच्या मेजवानीला चोवीस नव्हे, तेवीस.
नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.
स्कार्वे बंदरातल्या मासळीवाल्या
हेरिंग कागदात गुंडाळताना
एस्किलचा चेहरा बाहेरच्या बाजूला येईल असं बघत होत्या.

एकतीस वर्षं मी हे टेबल मांडतो.
काट्यापासून कडेपर्यंत दोन बोटं,
खुर्चीपासून खुर्चीपर्यंत बासष्ट सेंटिमीटर,
राणीसाहेबांचा पाण्याचा पेला डावीकडे,
कारण उजवा हात अलीकडे थरथरतो,
आणि हे अजून एकाही वर्तमानपत्राला माहीत नाही.

एस्किलची मुलाखत मीही पाहिली,
घरी, सोफ्यावर, बायकोच्या शेजारी, आवाज बारीक करून,
जणू भिंतीपलीकडे कुणी आजारी आहे.
नव्या धक्क्याच्या कंत्राटातला पैसा
युवराज हाल्वारच्या बोटीपर्यंत कसा पोचला,
तारखांसकट.
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
मी अकरा वर्षांचा होतो, दादाने जिन्यावरून ढकललं,
ओठ फुटला. आई धावत आली.
तिने आधी गालिचा पाहिला.

बायको म्हणाली, तू होतास ना तिथे?
होतो.
गालिचा मीच धुतला, गार पाण्याने, मीठ चोळून.
तिला म्हटलं, आठवत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि माझं पेन्शन दोन वर्षांवर आलंय.

एक पान उठवायचं म्हणजे नुसती खुर्ची उचलायची नसते.
भोक दिसतं, पडलेल्या दाताचं दिसतं तसं.
मधली फळी काढावी लागते,
दोन माणसांनी दोन टोकांकडून टेबल मिटवावं लागतं,
आणि समोरच्या रांगेत बारा जणांना
अकराच्या जागेत बसवावं लागतं.
प्रत्येकाचे पाच सेंटिमीटर गेले.
चाचे, माम्या, बिशप, आरमाराचे प्रमुख,
कुणी हूं की चूं केलं नाही.

फळी कोठारात नेताना उलटी केली.
खालच्या बाजूला काट्याने कोरलेली एक बोट,
शीड वाकडं, आणि खाली एस्किल,
त्यातलं एक अक्षर उलटं.
सहा वर्षांचा असेल.
तेव्हा मेजवान्यांना तो टेबलाखाली जाऊन बसायचा,
आईच्या पायांशी, बरोबर मध्यावर,
आणि राणीसाहेब परराष्ट्रमंत्र्याशी बोलता बोलता
खाली न बघता
पावाचा तुकडा सोडायच्या.
हे मी पाहिलंय. हे कुणी टीव्हीवर सांगितलं नाही.
त्यानेही नाही.

रविवारी सगळं यथासांग झालं.
खिडकीबाहेर कॅमेरे, समुद्रपक्षी, दोन्ही सारखेच ओरडत होते.
हाल्वार हवेबद्दल बोलला.
त्याची बायको एकच वाटाणा ताटभर फिरवत राहिली.
बिशपांनी कुटुंब या विषयावर छोटंसं भाषण केलं
आणि मध्येच थांबून पाणी प्यायले.

सूप उचलत होतो तेव्हा दिसलं,
राणीसाहेबांचा उजवा हात टेबलाखाली गेलेला.
आधी वाटलं, थरथर लपवतायत.
पण खांदा हलत होता.
बोटं लाकडावर पुढे सरकत होती,
मागे येत होती, पुन्हा पुढे,
अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तशी.
म्हणजे त्यांना माहीत होतं.
इतकी वर्षं त्या बोटीवर हात ठेवून
त्यांनी किती राजदूतांना हसून दाखवलं असेल कोण जाणे.

फळी खाली होती, कोठारात, पिठाच्या पोत्यांमागे,
मीच ठेवलेली.
वाकून कानात सांगता आलं असतं,
एवढ्याशा वाक्याला कितीसा वेळ लागतो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलंही,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा, नीट.

पण मागून कुणीतरी
वाफाळता मासा माझ्या हातात दिला,
आणि सुरुवात उजवीकडून करायची असते.