टपावर काय लावायचं

रेजी कॉर्मिएने काउंटरवर दोन खोकी ठेवली.
हा उभा, म्हणाला. आतून हँडल फिरवलं
की बगळ्यासारखी मान वर काढतो,
तोंड कराल तिकडचं ऐकतो,
शंभर किलोमीटरवरचा टॉवरसुद्धा.
आणि हा बसका. पालथ्या वाडग्याएवढा.
दाही दिशांना कान, पण लांबचं याला झेपत नाही.
डोंगराआडचं तर नाहीच.

लॉर्न उभ्याच्या खोक्यावरून हात फिरवत राहिला.
अकरा वर्षं आमच्या टपावर तसाच होता.

मी उंची विचारली. उगाच.
गाडीची उंची मला पाठ आहे, तीन मीटर छत्तीस,
आरशाखालच्या पट्टीवर लॉर्नच्याच अक्षरात.
"एसी दोन्हींहून उंच आहे," रेजी म्हणाला,
"उंचीचा प्रश्नच नाही."

नव्हताच.

जुलैत किनाऱ्यावरून निघालो त्या सकाळी
स्टिअरिंगला लाल चिमटा होता.
आमची रीतच ती: अँटेना वर, तर चिमटा स्टिअरिंगवर.
कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा,
उरलेल्या नेलपॉलिशने मी रंगवलेला.
लॉर्नने तो काढला, उलटसुलट पाहिला,
आणि नकाशाच्या कोपऱ्याला लावला, नीट,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
मी थर्मासचं झाकण शोधत होते.

पेट्रोल पंपाच्या छपराखाली जो आवाज झाला
तो मोठा नव्हता. पत्र्याचा डबा उघडावा तेवढाच.
लॉर्न उतरला, वर पाहिलं,
मग माझ्याकडे: "वर कोणी ठेवला हा?"
"मीच विसरले," मी म्हणाले.
पंपावरचा पोरगा हसला.
लॉर्नने मला माफसुद्धा केलं, दुपारपर्यंत.

एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली याने.
अजून सांगतो, कुठल्या नोव्हेंबरात कुठला खांब,
कोणाच्या स्वयंपाकघरात हात शेकले,
त्या बाईच्या कुत्र्याचं नाव.
लांबचं स्वच्छ येतं त्याला.
जवळचं चौकोन चौकोन होऊन फुटतं:
गॅसची कळ, सकाळची गोळी,
नातीचं लग्न झालंय की व्हायचंय.

"बसका द्या."
"उत्तरेला गेलो की कर्लिंग दिसणार नाही त्याच्यावर,"
लॉर्न म्हणाला. आणि बरोबर होतं त्याचं.
असल्या गोष्टीत अजून त्याचंच बरोबर असतं.
रेजीने एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग किंमत वीस डॉलर कमी सांगितली.
लेबल माझ्या समोरच होतं.

बसवला लॉर्ननेच. शिडी मी धरली.
जुनं भोक बुजवलं, कडेने डिंकासारखं सील,
चार स्क्रू, समोरासमोरचे आधी,
थोडे थोडे, एकदम आवळायचे नाहीत.
हात काहीच विसरले नव्हते.
मी खालून त्याचे बूट बघत होते.
डाव्याची नाडी सुटलेली.

आतलं हँडल काढून टाकू का,
रेजी खिडकीतून विचारत होता.
राहू दे, म्हटलं.

काल मुक्काम मिरामिशी नदीच्या काठी.
चार चॅनल मिळाले. एकावर फ्रेंच प्रश्नमंजुषा,
दोनांवर एकच बातम्या.
जेवण झाल्यावर लॉर्न उठला,
हात छताकडे गेला, अंधारातही थेट,
आणि तो हँडल फिरवू लागला,
कशालाच न जोडलेलं, सावकाश, मान तिरकी करून.
"आलं?"

टीव्हीवर मघापासून भरतीच्या वेळा सांगत होते,
चित्र अगदी लख्ख.

"थोडं डावीकडे," मी म्हणाले.
"अजून. हं.
आता हलवू नकोस."