लॉकर नंबर सात

कुताइसीच्या परीक्षा केंद्रात
मी लोकांचे खिसे रिकामे करून घेतो.
घड्याळ, रुमाल, गळ्यातला क्रूससुद्धा.
बाह्या वर करा, म्हणतो. चष्मा दाखवा.

त्सियालाबाई तिसऱ्यांदा आल्या.
वय बावन्न. लॉकर सातमध्ये
दोन अक्रोड, बसचं तिकीट, मेणबत्तीचा तुकडा.
पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या,
अर्ध्या गावाचा आवाज
उरलेल्या अर्ध्याला जोडून द्यायच्या.
मग तिथे कुलूप लागलं
आणि त्या बाजारात मोजे विकायला बसल्या.

नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं.
काचेतून मला फक्त पाठी दिसतात.
पाठीवरून निकाल ओळखतो मी, नऊ वर्षांची सवय.
त्या दिवशी नाही ओळखता आला.

प्रिंटरची शाई संपत आलेली.
'उत्तीर्ण' इतकं फिकट उमटलं
की त्यांनी कागद खिडकीशी नेऊन वाचला.
"तीन वर्षांनी हे शिळं होतं म्हणे?"
हो, म्हटलं.
"पावापेक्षा बरंच टिकतं की!"
एक अक्रोड माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

मार्चमध्ये केंद्राचं नेटवर्क झोपलं.
आत अकरा उमेदवार, घड्याळ चालू.
कंपनीला फोन लावला.
पलीकडून बाईचा आवाज, जराही घाई नसलेला:
"लाइन सोडू नका. आधी केबल बघा."

केबलच निसटली होती.

नाव विचारायचं राहून गेलं.
संध्याकाळी भिंतीवरचा फीचा तक्ता वाचला,
अगदी खालची ओळ:
कर्मचाऱ्यांना निम्मी.