पाझरणारी मडकी

कसावा किसला, पोत्यात भरला,
वर दगड रचले, दगडांवर मी बसले.
पोत्यातून गळतं ते पाणी दुधासारखं दिसतं.
दिसतं तेवढंच.
मागल्या साली एवोएनामची शेळी ते प्यायली
आणि चरीपाशीच पाय ताठ करून पडली.
कंदातलं विष पाण्यात उतरतं, म्हणून तर गारी खाता येते,
हे आम्हाला ठाऊक होतं.
पाण्याचं पुढे काय होतं ते विचारायचं नसतं, हेही.

नदीचं नाव व्होल्टा.
वर, लांब, तिला धरण आहे.
धरणाच्या तारा आमच्या छपरांवरून
न थांबता शहराकडे जातात.
दमट हवेत गुणगुणतात.
लहानपणी मला वाटे, आमच्याबद्दलच बोलत असतील.

सेन्यो आला मोटारसायकलवरून, गळ्यात मीटर अडकवून,
आणि पहिल्याच दिवशी काफुईच्या दारात उभा.
काफुईची मडकी गावात कुणी घेत नसे.
भट्टीला लाकूड कमी घालायची,
नवरा गेल्यापासून हातही घाईचा.
रात्री भरलेलं पाणी सकाळी अंगणात.
बाया म्हणत, काफुईचं मडकं आणि एवोएनामचं पोट,
काही म्हणजे काही आत राहत नाही.

सेन्योनं मडकं उन्हात धरलं,
ओल्या बुडाला बोट लावलं,
म्हणाला, असलीच हवीत. बारा.
काफुईला चेष्टा वाटली.
मग तिनं भाव दुप्पट सांगितला.

मडक्यात कोळसा, कोळशात तार,
नदीच्या तळाचा काळा गाळ दोन ओंजळी,
त्यावर आमचं ते पाणी. झाकण घट्ट.
बाहेरच्या अंगाला, वाऱ्याकडे,
आणखी कोळशाचा लेप.

"आत कोण आहे?" मी विचारलं.
"खाणारे," तो म्हणाला, "डोळ्यांना न दिसणारे.
अन्न भरपूर, हवा नाही.
खाल्लं की श्वास टाकायला जागा लागते,
नसली तर जीव घुसमटतो.
आपण कोळसा देतो: घ्या, इथं टाका.
तो श्वास तारेतून निघतो, वाऱ्याला गाठायला.
वाटेत आपला दिवा."

मला नीट कळलं नाही,
आणि पुरतं कळलं.
सासरी पहिली तीन वर्षं
मीही पोटभर जेवत होते.

आठवडा गेला. मीटरवर शून्य,
शून्यापुढे जरासं काही, पुन्हा शून्य.
चौथं मडकं तडकलं.
बाया येता-जाता विचारत,
"तुमचे पाहुणे जेवले का?"
जेवतायत, मी सांगे, उठत नाहीत अजून.

अठराव्या दिवशी आकडा चढला.
एका मडक्याची वीज ती किती,
मुंगीचा काजवा होईल एवढी.
सेन्योनं अकरा मडकी एकामागे एक जोडली
आणि कढईवर, धुराच्या वर,
नखाएवढा दिवा लावला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
एवोएनाम एवढंच म्हणाली, "गारी करपतेय."
खरंच करपत होती.
अंधार पडल्यावर तिचा रंग
आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

पाण्याला वास अजून येतो, पण डोळे चुरचुरत नाहीत.
चरीच्या कडेला दोन ठिकाणी गवत आहे.
शेळ्या आम्ही बांधूनच ठेवतो.
सेन्यो बाटली भरून तपासायला घेऊन गेला,
तीन आठवडे झाले.
काफुई आता भट्टीला लाकूड
जाणूनबुजून कमी घालते,
आणि तसं सांगतेही, मान वर करून.

रविवारी आम्ही कसावा पिळत नाही.
सोमवारी पहाटे दिवा बारीक झालेला असतो,
लाल, उपाशी.
मी बादली उचलते.
मडक्यांच्या रांगेपाशी वाकते, ओल्या पाठी चाचपते.
आले गं, म्हणते,
आले.