दूध येतं का?

तार्तूत मार्च आला तरी काचेला आतून बर्फ धरतो.
मायमूच्या खिडकीत तीन कुंड्या,
एंडेल गेल्यावर उरलेल्या.
बाकीच्या चाळीस तिनं शाळेला दिल्या.
शाळेनं त्यांचं काय केलं, तिनं विचारलं नाही.

आणि आता हा कुत्रा.
हीउमा बेटावरून, फेरीबोटीनं, भावाच्या पश्चात आलेला.
रूडी. तेरा वर्षांचा. एका डोळ्यात धुकं,
त्यामुळे जग नाकानंच वाचावं लागतं,
आणि नाक नेमकं खिडकीच्या फळीला लागतं.

तिनं फोन लावला. जनावरांचा डॉक्टर तरुण होता, तावेत.
"छोटा निवडुंग आहे हो. मुठीएवढा. कुत्र्याला चालेल ना?"
"कुठला निवडुंग?"
"एंडेलचा."
पलीकडे जरा शांतता.
"टोचून बघा," तावेत म्हणाला. "दूध येतं का?"

तीस वर्षं ती ह्या झाडांना पाणी घालत आली,
महिन्यातून एकदा, चमच्यानं. हिवाळ्यात तेही नाही.
टोचलं कधीच नव्हतं.
टोचायचं काम त्यांचं.

रफूची सुई काढली.
मुठीएवढ्याला आधी. अंगभर काटे, पंगतीत रुसून बसलेला जणू.
सुईच्या टोकाशी पाण्याचा थेंब आला,
हिरवट, गार, काकडीला येतो तसा.
दुसऱ्यालाही पाणीच.
"मग विष नाही," तावेत म्हणाला. "काटे मात्र आहेतच."

तिसरं उंच, गुळगुळीत, पेन्सिलीसारख्या फांद्यांचं,
औषधाला एक काटा नाही,
पाहुण्यांना तेच आवडायचं,
नात त्याच्याखाली बाहुल्या मांडायची.
सुई लागली मात्र,
पांढरं. दाट. टपकन फळीवर.

"तो निवडुंगच नाही. हात धुवा. डोळ्यांना लावू नका.
कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही इतकं उंच ठेवा."

साबण दोनदा लावला.
नळाखाली हात तसेच राहिले बराच वेळ.
एंडेलच्या वहीत त्या झाडाचं लांबलचक लॅटिन नाव होतं,
म्हणजे माहीत होतंच त्याला.
सांगितलं नाही एवढंच.
बऱ्याच गोष्टींचं तसंच.

तेवढ्यात मागून केविलवाणं काहीतरी.
रूडीनं मुठीएवढ्याशी ओळख करून घेतली होती.
नाकाच्या काळ्या, ओल्या कातड्यात दोन काटे.
पोस्टाची तिकिटं उचलायचा चिमटा,
तोही एंडेलचाच,
आणि डोकं मांडीत घट्ट दाबून धरलेलं.
येऊन नऊ दिवस झाले होते कुत्र्याला,
हात तिनं आज लावला.
"एक," ती म्हणाली. बराच वेळ गेला.
"दोन."
रूडी शिंकला, थेट तिच्या चष्म्यावर.

त्या रात्री तिनं कॉफी काळीच घेतली.

आता पेन्सिलवालं कपाटावर आहे, छताला टेकून.
पाणी घालायला स्टूल लागतं, आणि गुडघे नाही म्हणतात.
शेजारची हेल्वे म्हणते, देऊन टाक.
मायमू म्हणते, बघू.

मुठीएवढा तिथेच आहे, खालच्या फळीवर.
रूडी त्याच्यासमोर झोपतो
वीतभर अंतर राखून,
आणि झोपेत नाक पुढे गेलंच कधी
तर अर्धवट जागा होतो,
हुंगतो,
मागे सरकतो, तिच्या सपातांवर.