हवेसाठी

फेब्रुवारीत वाँचीसच्या धक्क्यावर
उगीच कोणी उभं राहत नाही.
मी टेप, खडू, प्लास्टिकची गुंडाळी काखेत घेऊन
शिडी चढले, फ्लायब्रिजवर पोचले,
तर डेलमार गॅस्किल म्हणाला,
"बायकोनं बोलावलंय तुला. मी नव्हे."

एकतीस हिवाळे त्यानं तिथे उघड्यावर काढलेत.
गालाचा एक तुकडा डॉक्टरनं कापून नेला,
कानाच्या पाळीचाही थोडा.
उरलेला चेहरा जुन्या वल्ह्यासारखा,
रेघारेघांतून मीठ.

सुकाणूवर मी तीन नमुने मांडले.

मऊ व्हिनाइल. स्वस्त, गुंडाळून वर बांधता येतं.
थंडीत मात्र आक्रसतं,
झिप लावायला दोन माणसं लागतात
आणि एक शिवी.
चार उन्हाळ्यांत चहासारखं पिवळं.

मग पॉलिकार्बोनेट, जाड, लेप दिलेलं:
वाकतं, पण घडी घालू देत नाही.
आरपार, जणू मध्ये काही नाहीच.
किंमत सांगितली, तेव्हा तो
डिझेलच्या टाकीच्या झाकणाकडे बघत राहिला.

आणि खरी काच, चौकटीत, वायपरसकट.
"मग घरीच बसतो की," तो म्हणाला.
मीही आग्रह केला नाही.
एवढ्या उंचीवर वजन चढवलं
की आडव्या लाटेत ते आपलं मत देतंच.

समोरची कमान सत्त्याण्णव इंच.
उजवीकडची नळी अर्धा इंच वाकलेली,
कधीतरी कोणीतरी आपटलंय.
मी प्लास्टिक ताणून चिकटवत होते, खुणा करत होते.
तो बोलत होता:
"कोंडून घेतलं तर ऐकू कसं येणार?
ट्यूना लागला की रीळ किंचाळतं.
पक्षी तर मला दिसायच्या आधी ऐकू येतात.
बाप म्हणायचा, बोट कानानं चालवायची असते."

पुढच्या डेकवर हार्लन दोर गुंडाळत होता.
त्यानं हाक मारली, कॉफी?
पुन्हा मारली.
तिसऱ्यांदा डेलमारची मान सहज तिकडे वळली,
त्यानं पोराचं तोंड पाहिलं,
मग म्हणाला, "बिनदुधाची."

मी त्याच्या पाठीशी होते, दातांत खडू.
विचारलं, "मागची बाजू उघडीच ठेवू ना?"
"पहाटे चारला," तो म्हणाला,
"वारा पडला तर."

मी खुणा करत राहिले.
अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

मग त्यानं व्हिनाइलचा तुकडा डोळ्यांसमोर धरला.
त्यातून हार्लन वितळलेल्या मेणबत्तीसारखा दिसला असणार,
कारण त्यानं तो लगेच खाली ठेवला.
दुसरा धरला. बराच वेळ.
खाली पोरगं दोराशी काहीतरी पुटपुटत होतं,
आणि डेलमारचे ओठ
अगदी थोडे, त्याच्याबरोबर हलले.

"ह्यातून तोंड कळतं," तो म्हणाला.
"माणसाचं."
"कळतं," मी म्हणाले.
"ह्याला पैसे जास्त का, ते आत्ता समजलं."

मागची बाजू उघडी ठेवायचं ठरलं,
मासे तिकडून येतात, त्यावर वाद नव्हता.
मी शिडीकडे निघाले, तेव्हा त्यानं थांबवलं.
बाजूच्या पडद्यात एक छोटी खिडकी हवी,
तळहाताएवढी, झिप लावलेली.
"ऐकायला," तो म्हणाला.

मी त्याच्या समोर आले,
उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी,
आणि सावकाश विचारलं,
"कुठल्या कानाशी?"

धक्क्याच्या खांबांवर पाणी दोनतीनदा आपटलं.
"डाव्या."

घरी लाकडी जमिनीवर नमुना अंथरला,
त्याच्यावर गुडघे टेकून रात्री अकरापर्यंत कापलं.
नऊ इंची झिप शोधली, प्लास्टिकच्या दातांची;
पितळेला समुद्र ठेवत नाही.
टाके दुहेरी घातले.

बिल त्याची बायको वाचते.
खिडकीपुढे मी लिहिलं:
हवेसाठी.